दोर सुटल्यानंतर: बीडीएसएममधील आफ्टरकेअर आणि प्रशिक्षण

शेवटची गाठ सुटली आणि दोर खाली पडला, की सीन, म्हणजे दोघांनी ठरवून केलेला बीडीएसएमचा प्रसंग, संपला असे बहुतेक नवख्यांना वाटते. वस्तुतः त्या क्षणी जबाबदारीचा निम्मा भाग तसाच शिल्लक असतो, आणि माझ्या मते तोच अधिक अवघड असतो. कारण सीनच्या वेळी दोघांचेही लक्ष एकवटलेले असते, तर सीन संपल्यावर ते सहज सुटते. बांधणे, फटके, हुकूम, शरणागती यांपैकी काहीही प्रौढांनी परस्परसंमतीने अनुभवल्यानंतर एकमेकांच्या शरीराची आणि मनाची जी ठरवून काळजी घेतली जाते, तिला आफ्टरकेअर म्हणतात. प्रशिक्षण, म्हणजे या मंडळींच्या बोलण्यातले ‘ट्रेनिंग’, हा शब्द मात्र दोन अर्थांनी वापरला जातो. तंत्र शिकणे हा एक अर्थ, आणि सबमिसिव्ह, म्हणजे शरण जाणाऱ्या, जोडीदाराला ठरलेल्या सवयी व शिस्त लावणे हा दुसरा. नवख्या जोडप्यांचा उत्साह दुसऱ्या अर्थाकडे धावतो. पहिला अर्थ पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, आणि आफ्टरकेअर जमत नसेल तर दोन्ही थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीडीएसएम ही अद्याक्षरे बंधन आणि शिस्त, वर्चस्व आणि शरणागती, वेदना देण्यातले आणि सोसण्यातले सुख अशा तीन जोड्यांना एकत्र बांधतात. हा काही आजार आहे का, या जुन्या प्रश्नावर वैद्यकशास्त्राची भूमिका आता बरीच स्पष्ट आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेने वेगळी लैंगिक आवड आणि विकार यांत फरक केला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातून परस्परसंमतीच्या अशा वर्तनाचे स्वतंत्र निदान वगळण्यात आले. म्हणून पुढचे सारे विवेचन ‘संमती’ हा शब्द गृहीत धरूनच वाचावे. ती संमती प्रौढाची, शुद्धीतली, दबावाविना दिलेली आणि कोणत्याही क्षणी मागे घेता येईल अशी असायला हवी.

आफ्टरकेअरची गरज केवळ भावनिक नाही. सीनच्या दरम्यान शरीर ॲड्रेनलिन आणि एंडॉर्फिन ही द्रव्ये सोडत असते. त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात, वेदनेची धार बोथट होते आणि काहींना तरंगल्यासारखे वाटू लागते. या अवस्थेला ‘सबस्पेस’ म्हणतात. तिच्यात गेलेली व्यक्ती मद्यपान न करताही नशेत असल्यासारखी असते, तिला दुखापतीचा नेमका अंदाज येत नाही, आणि एरवी जे नाकारले असते त्यालाही ती होकार देऊन बसते. त्यामुळे सीनच्या मध्यावर नवी कल्पना सुचली आणि समोरून ‘हो’ आले, तरी तो होकार ग्राह्य धरू नये. उत्तेजना ओसरू लागली की उलटा प्रवास सुरू होतो. अंगात थंडी भरते, हातपाय थरथरतात, कारण नसताना रडू येते, कधी हसू आवरत नाही, कधी बोलायचीच इच्छा उरत नाही. या घसरणीला ‘सबड्रॉप’ म्हणतात. ती लगेच येते असेही नाही. एक-दोन दिवस सगळे उत्तम वाटून तिसऱ्या दिवशी कामाच्या मध्येच मन खाली बसते, आणि मागच्या सीनशी त्याचा संबंध असेल हे चटकन ध्यानातही येत नाही.

डॉमिनंट, म्हणजे सूत्रे हाती घेणाऱ्या, व्यक्तीलाही घसरण येते, याविषयी फार कमी बोलले जाते. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याला आपण वेदना दिली आणि त्यात आपल्याला आनंद मिळाला, हा विचार सीननंतरच्या शांततेत टोचू लागतो. ‘मी वाईट माणूस आहे का?’ हा प्रश्न मनात आलेल्या डॉमिनंटने तो गिळून टाकू नये. जोडीदाराने शांतपणे, ‘मला हे हवे होते, आणि तू थांब म्हटल्यावर थांबशील याची मला खात्री होती,’ एवढे सांगितले तरी पुष्कळ काम होते. आफ्टरकेअर दोन्ही बाजूंनी दिली आणि घेतली जाते. फक्त प्रत्येकाची गरज निराळी असू शकते.

आधी ठरवायच्या गोष्टी

आफ्टरकेअरचे नियोजन सीनच्या आधी, दोघेही कपड्यांत आणि शांत डोक्याने बसलेले असताना करावे. घसरणीत सापडलेल्या माणसाला ‘तुला आता काय हवे?’ असे विचारणे म्हणजे तापात असलेल्याला हिशेब मांडायला लावणे होय. सीननंतर स्पर्श हवा की नको? बोलणे चालेल की शांतता हवी? रडू आले तर जवळ घ्यायचे की थोडे अंतर ठेवून बसायचे? कोणते शब्द ऐकायला आवडतील आणि कोणते अजिबात नकोत? सीनमध्ये अपमानाचे शब्द वापरायचे ठरले असतील, तर ते मागे घेतल्याचे स्पष्टपणे ऐकण्याची गरज आहे का? काही जणांना मिठीत राहायचे असते, तर काहींना अंघोळ करून एकटे झोपायचे असते. दुसऱ्या प्रकारची व्यक्ती रुसलेली नसते, तिची गरजच तशी असते; हे आधी ठाऊक असेल तर पुढचा गैरसमज टळतो.

याच बैठकीत आरोग्याची चौकशी व्हावी. मधुमेह, दमा, अपस्मार, हृदयविकार, सांधा निखळण्याचा इतिहास, रक्त पातळ करणारी औषधे, पूर्वीच्या आघाताच्या आठवणी यांतली कोणती गोष्ट सीनमध्ये आड येऊ शकते, ते बोलून घ्यावे. वेळेचाही हिशेब करावा. तासाभराचा सीन करून दहा मिनिटांत कुणाला निघायचे असेल, तर तो सीन त्या दिवशी करूच नये. दोघांपैकी एकाला आफ्टरकेअर देणे खरोखरच शक्य नसेल, तर सर्वांच्या संमतीने एखाद्या विश्वासू मित्रमैत्रिणीवर ती जबाबदारी सोपवता येते. पण तेही आधी ठरलेले असावे.

सामान साधे असते. पांघरूण, पाणी, काहीतरी गोड, स्वच्छ फडके, जंतुनाशक, पट्ट्या, थंड शेकाची पिशवी आणि बोथट टोकाची, जखमेवरचे कपडे कापण्यासाठी वापरतात तशी कात्री. ही कात्री हाताच्या अंतरावर हवी. एकदा माझ्याकडून ती बाहेरच्या खोलीतल्या पिशवीत राहिली आणि नेमकी त्याच दिवशी गाठ ओल्या दोरात आवळली गेली. आत-बाहेर करायला अर्धे मिनिटही लागले नसेल, पण त्या अर्ध्या मिनिटात बांधलेली व्यक्ती एकटी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचे ते भाव मला अजून आठवतात. तेव्हापासून दोर उलगडण्याआधी कात्री मांडीशेजारी ठेवायची, हा माझा नियम आहे. पाण्याच्या बाटलीला नळी असलेली बरी, कारण बधिर झालेल्या बोटांना पेला धरवत नाही.

पहिली वीस मिनिटे

सीन संपल्याचे स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘आता संपले’ एवढे दोन शब्द पुरतात, परंतु ते उच्चारले गेले पाहिजेत. भूमिकेतून बाहेर येण्याचा उंबरठा त्यांच्यामुळे दिसतो. दोर घाईने ओढू नये. बराच वेळ वर किंवा मागे राहिलेले हात एकदम खाली आणले तर खांद्यांत कळ उठते, म्हणून कोपराखाली आधार देऊन ते हळूहळू पूर्वस्थितीत आणावेत. व्यक्तीला लगेच उभे करू नये. ती आडवी किंवा टेकून बसलेली असावी; चक्कर येत असेल तर झोपवून पाय थोडे उंच करावेत. पांघरूण तिने मागेपर्यंत थांबू नये, कारण घाम सुकताना थंडी भरतेच. पाणी घोटाघोटाने द्यावे.

या वेळेत बोलणे कमी आणि निरीक्षण जास्त असावे. सीन कसा झाला, काय आवडले, कुठे चुकले, ही चर्चा आता करू नये. ‘ठीक आहेस ना?’ हा प्रश्न तर माझ्या दृष्टीने निरुपयोगीच आहे, कारण त्याचे उत्तर नव्वद वेळा ‘हो, ठीक आहे’ असेच येते, मग ओठ थरथरत का असेनात. त्याऐवजी उत्तर देताना थोडा विचार करावा लागेल असे छोटे प्रश्न विचारावेत. ‘उजव्या हाताच्या बोटांना माझा स्पर्श सारखा जाणवतो का?’ ‘पाणी आणखी हवे की पुरे?’ ‘मी इथेच बसू की मागे टेकायला येऊ?’ उत्तर यायला लागणारा वेळ आणि आवाजाचा पोत यांवरून ती व्यक्ती कितपत परतली आहे हे कळते.

त्यानंतर शरीर तपासावे. दोराने बांधले असेल तर हातांची तपासणी सर्वांत महत्त्वाची असते. दंडाच्या बाहेरच्या बाजूने, हाडाला बिलगून एक मज्जातंतू जातो. तिथे दाब पडला तर मनगट वर उचलता येत नाही, अंगठा ताणता येत नाही आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या पाठीमागच्या भागाला बधिरपणा येतो. म्हणून मनगट मागे वाकवायला, अंगठा वर करायला, बोटे फाकवायला आणि अंगठ्याचे टोक करंगळीला टेकवायला सांगावे. हीच चाचणी बांधलेले असतानाही दर काही मिनिटांनी घ्यावी. रक्तप्रवाह अडल्याने येणाऱ्या मुंग्या बहुधा संपूर्ण हाताला हळूहळू येतात, तर मज्जातंतू दबल्याची खूण एखाद्या विशिष्ट बोटात किंवा पट्ट्यात, अनेकदा अचानक, उमटते. परंतु दोन्हींतला फरक ओळखत बसण्यापेक्षा दोर ताबडतोब काढणे शहाणपणाचे. गुडघ्याच्या किंचित खाली, बाहेरच्या बाजूलाही असाच एक उघडा मज्जातंतू असतो आणि तो दुखावला तर पाऊल उचलता येत नाही. दोर सुटल्यावरही मनगट किंवा पाऊल लुळे राहिले, तर ‘सकाळपर्यंत बघू’ असे न म्हणता डॉक्टरांकडे जावे.

फटक्यांच्या जागी सूज असेल तर पिशवी फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे थंड शेक द्यावा. दोन दिवसांनंतर काळे-निळे डाग ओसरायला कोमट शेक चालतो. अंगावर पाडलेल्या गरम मेणाने भाजले असेल तर बर्फ न लावता नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावे. जोरदार फटक्यांनंतर लघवी लाल किंवा गडद तपकिरी झाली, तर ती मूत्रपिंडाच्या किंवा स्नायूंच्या गंभीर इजेची खूण असू शकते. इथे लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना कारण खरे सांगावे.

नंतरचे दिवस

दुसऱ्या दिवशी एक निरोप, तिसऱ्या दिवशी आणखी एक, एवढा नेम तरी पाळावा. निरोपात विश्लेषण नको. ‘आज कसे वाटते आहे? दंडावरचा डाग कमी झाला का?’ इतके पुरे. सविस्तर चर्चा एक-दोन दिवसांनी, पुन्हा शांत डोक्याने करावी, आणि तिच्यात दोघांनीही काय पुन्हा हवे, काय बदलावे आणि काय पुन्हा कधीच नको, हे सांगावे. तोंडावर बोलणे जड जात असेल तर लिहून द्यावे. सुस्ती आणि उदासी आठवडाभर टिकली, किंवा सीनमुळे जुना आघात जागा झाला, तर जोडीदाराने स्वतःच समुपदेशक होण्याचा मोह टाळावा.

प्रशिक्षण कुणाचे?

हुकूम देणाऱ्याचे आधी, असे माझे उत्तर आहे. सूत्रे ज्याच्या हातात असतात, त्याला थांबता आले पाहिजे, आणि थांबणे हे कौशल्य सरावाने येते. सेफवर्ड, म्हणजे सीन थांबवण्याचा शब्द, ठरवून ठेवणारे पुष्कळ असतात. तो वापरून पाहिलेले फार थोडे. प्रचलित पद्धत वाहतुकीच्या दिव्यांची आहे: हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे जोर कमी कर किंवा विचारपूस कर, लाल म्हणजे सर्व काही तत्काळ बंद. पहिल्या काही भेटींत सबमिसिव्हने कोणतीही अडचण नसताना मुद्दाम एकदा ‘लाल’ म्हणावे, आणि डॉमिनंटने हातातली वस्तू खाली ठेवून, कुरकुर न करता, कारण न विचारता, आफ्टरकेअरला सुरुवात करावी. ही तालीम खोटी असली तरी तिच्यात होणारी चिडचिड खरी असते. थांबवल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडते, त्याच्यासमोर दुसऱ्या वेळी लाल म्हणण्याचे धैर्य होत नाही. तोंड बंद असेल तर शब्दाऐवजी हातातली किल्ल्यांसारखी वाजणारी वस्तू खाली टाकण्याची खूण ठरवावी.

तंत्राचे शिक्षण स्वतःच्या अंगापासून सुरू होते. दोर आधी स्वतःच्या मांडीवर बांधावा, दोन बोटे आत जातील एवढी जागा राहते का पाहावे, मांडी हलवल्यावर वळसे आवळतात का तपासावे, आणि डोळे मिटून गाठ सोडवता येते का हेही बघावे. मेण पहिल्यांदा स्वतःच्या हातावर पाडावे. मधमाश्यांचे मेण साध्या मऊ पॅराफिनपेक्षा जास्त तापमानाला वितळते आणि म्हणून जास्त भाजते, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा त्वचेवर लवकर समजते. फटक्यांचा नेम उशीवर साधावा. नितंब आणि मांड्यांचा वरचा मांसल भाग तुलनेने सुरक्षित मानला जातो. डोके, मान, कणा, माकडहाड, सांधे आणि पाठीतली मूत्रपिंडांची जागा पूर्णपणे वर्ज्य. बांधलेल्या माणसाला सोडून खोलीबाहेर जायचे नाही, आणि दारू पिऊन कशालाच हात लावायचा नाही. गळा दाबणे किंवा श्वास रोखणे यांबद्दल मला विचारले जाते तेव्हा मी एकच सांगते: काही सेकंदांत शुद्ध हरपते, मानेतल्या रक्तवाहिनीला झालेल्या इजेतून काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो, आणि कोणतेही प्रशिक्षण हा धोका काढून टाकू शकत नाही.

शिकवणारा निवडतानाही तारतम्य हवे. तो स्वतःच्या चुका सांगतो का, प्रश्न विचारल्यावर चिडतो का, शिकवण्याच्या बदल्यात शारीरिक जवळीक सुचवतो का, हे पाहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर तिथून निघावे.

आता दुसऱ्या अर्थाचे प्रशिक्षण. सबमिसिव्हला शिस्त लावणे म्हणजे तिचे मन मोडणे नव्हे. तिने स्वतः निवडलेल्या सवयी दोघांनी मिळून घडवणे असा त्याचा अर्थ घ्यावा. सुरुवात एक-दोन छोट्या आणि मोजता येण्याजोग्या गोष्टींनी करावी. ‘आज्ञाधारक राहा’ हा नियम कुणालाच पाळता येत नाही, कारण तो कधी मोडला हे कळतच नाही. त्याऐवजी ‘सीनच्या आधी दोर गुंडाळून, जोड्या लावून ठेवायचा’ किंवा ‘रात्री दिवसाविषयी तीन ओळी लिहायच्या’ असा नियम ठेवावा आणि त्याला मुदत घालावी, समजा तीन आठवडे. मुदत संपली की दोघांनी भूमिकेबाहेर बसून तो ठेवायचा, बदलायचा की टाकायचा हे ठरवावे. कौतुक लगेच आणि नेमके करावे. शिक्षा कोणत्या चालतील हे आधीच लिहिलेले असावे, त्या रागाच्या भरात कधीही देऊ नयेत, आणि प्रत्येक शिक्षेनंतर तिच्या पुरती आफ्टरकेअर हवी: चूक मिटली, विषय संपला, हे शब्द ऐकू आले पाहिजेत. बोलणे टाकणे ही शिक्षा म्हणून फार वापरली जाते आणि मला ती सर्वांत घातक वाटते, कारण सेफवर्डची वाटच तिच्यामुळे बंद होते.

झोप, जेवण, औषधे, नोकरी, पैसा, नातेवाईक आणि मित्रमंडळी यांवरचा ताबा नवख्यांच्या प्रशिक्षणात येता कामा नये. सबमिसिव्हला तिच्या माणसांपासून तोडणे, ‘खरी सबमिसिव्ह सेफवर्ड वापरत नाही’ असे सांगणे, आफ्टरकेअर मागितल्यावर तिला नाजूक ठरवणे, या साऱ्याला प्रशिक्षणाचे नाव दिले जाते, पण तो छळ असतो. दोघांनी सही केलेल्या करारपत्राने यात काही फरक पडत नाही. ते पत्र अपेक्षा स्पष्ट करण्यासाठी उपयोगी असते, न्यायालयात नव्हे. ब्रिटनमध्ये तर १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, संमती असली तरी प्रत्यक्ष शारीरिक इजा करणे गुन्हाच ठरतो, असा निर्णय दिला आणि सहभागी पुरुषांची शिक्षा कायम ठेवली.

एक वही ठेवावी. कोणता दोर, किती वेळ, कोणती बोटे बधिर झाली, कोणत्या दिवशी मन खाली गेले, कशाने बरे वाटले, हे दोघांनीही आपापल्या अक्षरात लिहावे. चार-पाच सीननंतर पाने उलटून पाहिली की ‘तिसऱ्या दिवशी दुपारी’ अशी नोंद पुन्हा पुन्हा सापडते, आणि मग त्या दुपारी करायचा फोन आधीच ठरवून ठेवता येतो.